जिन्याच्या बाजूची नोर्किएने

दोमान्तास नोर्कुसला औस्तेया रुदीतेला लग्नाचं विचारायचं होतं, आणि तोंड काही उघडत नव्हतं. विल्निअसच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही लेसरनं स्टीलवर केसाहून कितीतरी बारीक रेघा ओढतो; पण एक सरळ वाक्य बोलायची वेळ आली की आमच्यातल्या प्रत्येकाची बोबडी वळते. दोघं चार वर्षं एकाच टेबलावर काम करत होती. ती नाही म्हणाली तर मैत्रीही जाईल, या धास्तीनं गडी अर्धा झाला होता.

शेवटी त्यानं लेसरलाच मध्यस्थ केलं. आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो, वाढदिवसासारखा; औस्तेया नावाचा दिवस आला, तेव्हा भेट म्हणून त्यानं तिच्या नावाची स्टीलची पाटी बनवली. आमची खासियतच ती: पत्रा एक, अक्षरं दोन प्रकारची, ज्या बाजूनं बघाल तशी बदलणारी. एका बाजूनं 'औस्तेया रुदीते', दुसऱ्या बाजूनं 'औस्तेया नोर्किएने'. आमच्याकडे बाईच्या आडनावाचं शेपूटच सगळं सांगून टाकतं. रुदीते म्हणजे रुदीसांची लेक, नोर्किएने म्हणजे नोर्कुसची बायको. ती पाटी हातात फिरवेल, लाजेल आणि हो म्हणेल, असा त्याचा हिशोब. पाटी तिच्या हातात दिली आणि ती कागद सोडायच्या आत पठ्ठ्या पळाला.

औस्तेयानं पाटी सरळ केबिनच्या दारावर ठोकली. ती आणि दोमान्तास लिफ्टनं, म्हणजे खिडकीकडून यायचे. तिकडून दिसायचं रुदीते. बाकी आम्ही सगळे जिन्यानं.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून आलो आणि 'नोर्किएने' वाचून जागीच थबकलो. आता, हे तंत्र आमचंच. त्यावर मी गावोगाव भाषणं ठोकत हिंडतो. पण चार पावलं पलीकडे जाऊन बघावं, एवढं काही या डोक्याला सुचलं नाही. तडक दोमान्तासला गाठलं.

"लेका, अभिनंदन. गुपचूप उरकलंस की."

नेमका त्याच सकाळी त्याचा रखडलेला शोधनिबंध स्वीकारला गेला होता. "गुपचूप कसलं," तो म्हणाला, "चार वर्षं मागे लागलो होतो. तीनदा नकार आला."

"तीनदा? आणि आता?"

"आता किरकोळ दुरुस्त्या सांगितल्यात. तेवढ्या केल्या की झालं."

औस्तेया कडक आहे हे ठाऊक होतं, तरी मला त्याची कीव आली. मी ही बातमी सगळ्यांना सांगितली. संचालिकाबाईंनी लग्नातला तो काट्याकाट्यांचा उंच शाकोतिस केक मागवला. कार्यालयानं विवाहाचा दाखला मागायला त्याच्या घरी फोन लावला. तो उचलला आईनं.

लगेच तिचा दोमान्तासला फोन. "काय रे, घरात दुसरी नोर्किएने आली आणि ते मला तुझ्या ऑफिसातली बाई सांगते?"

तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. पांढराफटक पडून तो औस्तेयाच्या केबिनकडे सुटला. तिथे केक, आम्ही सगळे आणि मधोमध औस्तेया.

"ती पाटी... जिन्याच्या बाजूनं..."

"माहितीय," औस्तेया म्हणाली. "मीही लेसरवालीच आहे. पाटी हातात आली की आधी तिरपी धरते. मुद्दामच दारावर लावली. म्हटलं बघू, तू आधी बोलतोस की अख्खं खातं."

दोमान्तासनं एकदाचं विचारलं, "मग... करशील माझ्याशी लग्न?"

आवाज पार चिरका निघाला, पण निघाला. आम्हाला खरंच भरून आलं.

"आधी तुझ्या दारावरची पाटी बघून ये. आत्ताच लावलीय. जिन्याच्या बाजूनं बघ."

केक टाकून आम्हीही त्याच्या मागोमाग गेलो. खिडकीकडून 'दोमान्तास नोर्कुस'. जिन्याकडून 'दोमान्तास रुदीस'.

"नोर्किएने तुमच्या घरात एक आहे," मागून औस्तेया हळूच म्हणाली. "आमच्याकडे बाबा गेल्यापासून रुदीस कुणीच नाही. आम्ही तिघी बहिणीच."

दोमान्तासनं चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे जाऊन पाटी दोन्ही बाजूंनी वाचली. मग म्हणाला, "चालेल."

तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. आईच होती. त्यानं तो घाईघाईनं औस्तेयापुढे धरला. "तू सांगतेस? नाहीतर... तिच्यासाठी पण एक पाटी करू या?"

"अजिबात नाही," औस्तेया म्हणाली. "हे तोंडानं सांगायचं. तुझ्या."