कोतवालाचा नातू

"ढुम्म, ढुम्म, ढुम्म! ऐका हो ऐका, नळ आले होऽऽ!"

सकाळी सहाला ब्रह्मपुरीतली आमची गल्ली या दवंडीनं जागी होते. हातात तेलाचा रिकामा डबा, डोक्याला पंचा, आणि आवाज असा की वैनगंगेपल्याडचेही लोक भांडी घेऊन धावतील. हे आमचे शेजारी कवडूभाऊ, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. नळ, घंटागाडी, कोणाकडचं बारसं, सगळं डबा वाजवून सांगणार. काऊन म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा आजा गावचा कोतवाल होता, दवंडी त्याचीच.

"लढाई सुरू होती, बाप्पा!" हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली की, "लढाईत गूळबी नोता." बस चुकली की, "लढाईत माया आजा पायी चांद्याले जाये." रॉकेल कधी भेटणार, भरतीवाला साहेब कधी येणार, सारं म्हणे आजाच गावाला सांगे.

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. आयुष्यभर मास्तरकी केली, अर्ध्या ब्रह्मपुरीला पाढे शिकवले, पण गल्लीतल्या बाया चहा नेऊन देणार कवडूभाऊंना. आमचं दोघांचं मूळ गाव एकच. माझा आजा तिथं लोकांची ढोरं चारायचा. त्याच्या नावानं डबा कोण वाजवणार?

पंधरा ऑगस्टला शाळेनं पाहुणा म्हणून त्यांनाच बोलावलं. माझ्या शाळेनं! माइक हातात आला, लढाई सुरू झाली, आणि माझं डोकं फिरलं. भर सभेत उठून विचारलं, "भाऊ, तुम्ही त्याच कोतवालाचे नातू, याला पुरावा काय?"

कवडूभाऊंनी माइक खाली ठेवला. "आणतो जी," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून दर सोमवारी ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथं जुनी कोतवाल बुकं आहेत. गावातले जन्म-मृत्यू कोतवालानं ठाण्यात जाऊन सांगायचे, मुन्शीनं लिहून घ्यायचे, खाली कोतवालाचा अंगठा. जातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे सगळे तीच चाळतात. बापाच्या जन्माची नोंद सापडली की झालं, बापाचा बापच कोतवाल होता हे कवडूभाऊंना दाखवता आलं असतं.

तिथला बाबू मला हसून म्हणाला, "गुरुजी, सारी दुनिया बुकात आपला आजा शोधून राह्यली, आन् हे भाऊ कोतवालच शोधून राह्यले!"

मीही हसलो. पण इकडे डबा बंद पडला. नळ येऊन जायचा, पत्ता लागायचा नाही. बायको कडाडली, "तुमच्या जिभेले काही हाड? आता उठा सहाले तुम्हीच!"

दिवाळीच्या तोंडावर कवडूभाऊ दारात उभे. हातात बुकातल्या एका पानाची नक्कल.

"सापडला?" मी विचारलं. खरं सांगतो, तेव्हाही पोटात दुखलंच.

"सापडला जी. तुमचा बाप."

मी चष्मा लावला. माझ्या आजाचं नाव. धंदा, ढोरं चारणे. मुलगा झाला. खबर देणार, कोतवाल. आणि खाली काळाभोर अंगठा. आजाचं नाव मी पहिल्यांदाच सरकारी कागदावर पाहत होतो.

"आन् तुमचे बाबा?"

"सारी पानं पाह्यली. आजानं साऱ्या गावाची लेकरं ठाण्यात सांगितली, घरचंच सांगाचं राहून गेलं. त्या दिवशीबी दुसऱ्या कोणाचं सांगाले गेला असन." ते हसायला गेले, जमलं नाही. "लढाई सुरू होती, बाप्पा."

त्यांची नजर कागदावरून हलेना. जन्मात पहिल्यांदा कवडूभाऊ माझ्याकडे हेव्यानं पाहत होते, आणि मला ते सोसेना. मी कागद त्यांच्या हातात कोंबला. "तुम्हीच ठेवा, भाऊ."

"नाई जी, बाप तुमचा हाय." त्यांनी घडी नीट करून कागद परत दिला. "पण अंगठा माया आजाचा हाय. कधीमधी पाहू देजा."