चौकोनांची साथ

बाजारपेठेत त्या चष्मेवाल्याला सगळे भिंगराव म्हणत. माणूस गोड, हात हलका, नंबर काढण्यात वाकबगार. पण हौस दांडगी, आणि तीच नडली.

दुकानातला कॉम्प्युटर इतका जुना, की तो चालू करून भिंगराव झाडलोट उरके, काचा पुसे, चहा पिऊन कप विसळे, तेव्हा कुठे तो जागा होई. गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोरचा मोठा पडदा त्यालाच जोडलेला. नजर तपासायची अक्षरं त्यावर उमटत.

एका सकाळी तपासणीचं सॉफ्टवेअर नवं होऊन आलं आणि त्याने विचारलं, कायमचा फॉन्ट कोणता ठेवू? खाली सूचना होती : जुन्या सिस्टीमवर आहे तोच ठेवावा. (दिवसभर लोकांना ‘बारीक अक्षरं वाचा’ म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः बारीक अक्षरं कधी वाचत नसे.) यादीतल्या एका इंग्रजी नावाला झोकदार शेपट्या होत्या. ‘दुकानाला शोभेल,’ म्हणत त्याने बटण दाबलं आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर औषधालाही नव्हतं. नवा कॉम्प्युटर असता तर इकडून तिकडून अक्षरं आणून त्याने वेळ मारून नेली असती. हा म्हातारा पडला सरळमार्गी. जे अक्षर सापडेना, त्याच्या जागी त्याने एकेक रिकामा चौकोन काढून ठेवला.

भिंगरावाला हे कळायचं कारणच नव्हतं. तक्ता त्याला तोंडपाठ, त्यामुळे वीस वर्षं तो पडद्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत आला होता. ‘अक्षरं तीच असतात हो, चेहरे बदलतात,’ असं तो अभिमानाने सांगे.

पहिल्या होत्या शिलाईवाल्या बाई.

“वाचा.”

“चौकोन.”

“कुठे?”

“सगळीकडेच.”

“मशीन जरा कमी चालवा,” भिंगराव गंभीरपणे म्हणाला आणि त्याने डोळ्यांत टाकायचे थेंब दिले.

दुसरे आले प्रत्यक्ष सासरे. वय चौऱ्याहत्तर, आणि जीव स्कूटरमध्ये. मुलीने महिनाभर भुणभुण लावली होती, की नजर तपासा, नाहीतर गाडी सोडा. सासरे चावी बोटावर फिरवत खुर्चीत बसले. “बघा जावईबापू, काय तो सोक्षमोक्ष लावा. तुम्ही म्हणालात डोळे गेले, तर गाडीला हात लावणार नाही.”

“वाचा बाबा.”

“वाचण्यासारखं काही नाही. चौकोन आहेत.”

भिंगरावाने जाड भिंग चढवलं. “आता?”

“आता मोठे चौकोन.”

त्याने भिंग बदललं. “आणि आता?”

“वा! आता अगदी स्वच्छ, रेखीव चौकोन.”

भिंगराव हबकला. एका सकाळी दोन माणसं! ही साथच दिसतेय. त्याने सासऱ्यांचा हात हातात घेतला. “बाबा, कसं सांगू? अक्षर दिसणंच बंद झालंय तुमचं.”

 सासऱ्यांनी चावी हळूच काउंटरवर ठेवली. “तेहतीस वर्षं चालवली,” एवढंच म्हणाले. भिंगरावाला भडभडून आलं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. वडिलांचा पडलेला चेहरा बघितला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, हे चौकोन कशाला लावून ठेवलेत?”

“तुलाही?” भिंगराव किंचाळला. “बस! आधी खुर्चीत बस! घरात शिरली साथ!”

“कसली साथ?”

“बोलू नकोस, डोळ्यांवर ताण येईल!” आणि त्याने खरोखरच तिच्या नाकावर भिंग चढवलं.

बायकोने ते काढून डब्याशेजारी ठेवलं, नवऱ्याची हनुवटी धरली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड पडद्याकडे फिरवलं.

पडद्यावर वरपासून खालपर्यंत खरोखरच चौकोन होते.

“म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?” सासरे ताडकन उठले.

“अक्षरं आणू द्या, मग सांगतो,” म्हणत भिंगरावाने घाईघाईने सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून एक गोड आवाज आला, “काका, फॉन्ट बदलणं अगदी सोपं आहे. वरच्या ओळीत काय लिहिलंय तेवढं वाचा.”

“चौकोन,” भिंगराव म्हणाला.

“बरं, त्याच्या खाली?”

“चौकोनच. पण जरा लहान.”

“आणि उजव्या कोपऱ्यात?”

“तिथे एकच आहे. चौकोन.”

 पलीकडचा आवाज फार मायेने म्हणाला, “काका, राग मानू नका, पण आधी नंबर तपासून घ्या. तुमच्या जवळपास एखादा चांगला चष्मेवाला असेलच ना?”

भिंगरावाने फोन ठेवून दिला. सासरे मात्र तोवर दारात जाऊन उभे राहिले होते. चौकापलीकडच्या पाटीकडे बोट करून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, “‘नवे चष्म्याचे दुकान. तपासणी मोफत.’ खाली बारीक अक्षरांत, ‘सोमवारी बंद.’ आज मंगळवार, उघडंच असेल.”

ते परत आले, काउंटरवरची चावी उचलली आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“चला जावईबापू, बसा मागे. तुम्हाला दाखवून आणतो.”