मरीजाचं नाव काय?

हाड मोडलेल्या माणसाला आधी नाव विचारावं आणि मग हाड बघावं, असा आमच्या रंगनाथचा हट्ट होता. यात वावगं काही नाही. पण तो ज्यांची नावं विचारी, ती माणसं परीक्षेच्या सवालांतली असत.

रंगनाथ माझा दिंद्रुडचा बालमित्र. मी गावातच मास्तर झालो, तो हैद्राबादला डॉक्टरी शिकायला गेला. सगळं शिकला आणि अडकला हाडांच्या शस्त्रक्रियेच्या तोंडी परीक्षेत. परीक्षक साहेबांनी उर्दूत विचारलं, एक माणूस घोड्यावरून पडला, मनगट मोडलं, काय कराल? यानं उलट विचारलं, "जी, नाव काय त्याचं?" साहेबांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. दुसऱ्या खेपेला "घरी कोण कोण असतं?" एवढी भर पडली. आता तिसरी खेप, तीही शेवटची. घसरला असता तर डॉक्टरी कायमची सुटली असती.

म्हणून सुट्टीत त्यानं मला परीक्षक केलं. मी साहेबांसारखी रुमी टोपी घालूनच बसायचं, कारण नुसत्या मला तो भीत नसे. टोपी एका कारकुनाची मागून आणलेली. ती माझ्या कानांवर येई.

"मजूर झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं."

"कोन्त्या झाडावरून बे?"

"चिंचेच्या. तुला काय करायचंय झाडाशी?"

"मंग आपला किसन असल. लई उंच चढतंय ते."

किसन म्हटलं की झालं. फळी कशी बांधायची, पाय किती ताणायचा, सगळं घडाघडा. वर किसनच्या बायकोला धीर कसा द्यायचा तेही. बिननावाच्या माणसापुढे मात्र तोंडाला कुलूप. सुट्टी संपेपर्यंत आम्ही अर्ध्या गावाची हाडं मोडली. शेवटी किसननं मला वाटेत गाठलं. "मास्तर, जरा दुसऱ्याला पाडा की. बायको रडायली घरी."

एक सवाल मात्र रंगनाथ कधीच घेत नसे. बाई घसरून पडली, खुबा मोडला. हा काढला की "उद्या बघू" म्हणून तो चपला घालून निघून जाई. आम्ही लहान असताना त्याची आई ओढ्यावर अशीच पडली होती. डॉक्टर कुणी आलाच नाही. ती अंथरुणावरून पुन्हा उठली नाही. मीही तो सवाल सोडून दिला.

तो परीक्षेला गेला आणि इकडे मी रोज त्याची वाट बघू लागलो. एके दिवशी तो बैलगाडीतून उतरला आणि लांबूनच ओरडला, "पास झालो बे!" माझ्या जिवात जीव आला. पास तो झाला होता, पण डोळे माझे भरले.

"काय विचारलं?"

"बाई घसरून पडली. खुबा."

"मग नाव विचारलंस की काय?"

"न्हाई."

"का रे?"

"ठावं होतं मला. सोजराबाई."

सारं गाव तिला रंग्याची माय म्हणायचं. तिच्या हातच्या भाकरी खाऊन मी मोठा झालो, पण तिचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी परीक्षकासारखंच विचारलं, "मग, बरी झाली का?"

"चालायली," रंगनाथ म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.