दुसऱ्या रांगेतली कुरकुर

माणूस हरण्याने खचत नाही. वर्षानुवर्षे नेमाने हरणारा माणूस चांगला धडधाकट असतो, वेळेवर जेवतो आणि रात्री गाढ झोपतो. हरता हरता तो मध्येच जिंकू लागला, की मात्र त्याच्या प्रकृतीला धोका उत्पन्न होतो.

शहराच्या फुटबॉल संघाने हा धोका कधी पत्करला नव्हता. बारा संघांच्या गटात दहावी जागा त्याची ठरलेली. (एकदा तो नववा आला होता, चौकशीअंती एक संघ मध्येच बरखास्त झाल्याचे निघाले.) समर्थक मंडळाचे सभासद दर शनिवारी मैदानावर जात, हरत, आणि कचेरीतले काम अपेक्षेप्रमाणेच झाले नाही अशा माणसाच्या समाधानाने घरी येत. यंदा काय बिघडले कोण जाणे, संघ जिंकू लागला आणि हंगाम अर्धा सरता सरता पहिल्या जागेवर जाऊन बसला. पहिले चार संघ वरच्या गटात जातात. (ही माहिती मंडळाला नियम उघडून शोधावी लागली. आजवर तिची गरज पडली नव्हती.)

ज्या शनिवारी संघ तीन-शून्य जिंकला, त्या संध्याकाळी मंडळाचे एक जुने सभासद, लिफ्ट दुरुस्त करणारे निवृत्त मिस्त्री, घरी आले. त्यांनी दाराशी बूट काढले आणि म्हणाले, "तिसरा गोल नको होता."

"का हो बाबा?" मुलीने विचारले. ती लोकांच्या कानांची तपासणी करते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचे आणि बारीक बारीक आवाज ऐकवायचे, हे तिचे काम. त्यामुळे हळू बोलणे तिच्या अंगवळणी पडलेले.

"हवा जाते डोक्यात. मी जन्मभर बघतोय, वर निघालेलं सगळं मधल्या मजल्यावर अडकतं. मग कुणीतरी जाऊन हाताने खाली आणावं लागतं."

"जेवायला बसा आता."

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. ताट अजून वाढायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, संघ पहिल्या जागेवर असताना. मंडळाच्या इतिहासात हा मान दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही, असे शोकसभेत सांगण्यात आले. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्या घरात कौतुक करण्याची पद्धत नव्हती. मुलीने स्वतःचे तपासणी केंद्र काढले त्या दिवशी वडील आले, आवाजबंद खोलीचे दार दोनदा उघडून मिटून पाहिले आणि म्हणाले, "घासतंय." मग दुपारभर जमिनीवर बसून त्याला रंधा मारला. मुलगी म्हणाली, "राहू द्या ना." दोघांमध्ये यापेक्षा हळवे संभाषण झाल्याचे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याच्या आठवणीत नाही.

शोकसभेनंतर संघ ओळीने चार सामने हरला. मंडळाने कारणे शोधायला उपसमिती नेमली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत; दुखणे कसलेही असो, मुळाशी जायचे हा त्यांचा स्वभाव. समितीने गोलकीपरचा खांदा, कोचने केस बारीक कापून घेणे, नवे गवत आणि समोरच्या संघांचे चांगले खेळणे ही कारणे तपासली. (शेवटचे कारण अपमानास्पद म्हणून कामकाजातून वगळण्यात आले.) सगळी बाद झाल्यावर एकच उरले. मिस्त्री.

मिस्त्री कित्येक वर्षे नवव्या रांगेत बसून संघाच्या नावाने कुरकुर करत. यंदा गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवेनात, म्हणून ते दुसऱ्या रांगेत उतरले. दुसऱ्या रांगेतले बोलणे मैदानात ऐकू जाते. याचा अर्थ, इतकी वर्षे संघाला कुरकुर मिळतच नव्हती. पुढच्या आठ रांगांमध्येच ती झिरपून वाया जात होती. यंदा ती थेट पोचू लागली आणि संघ जिंकू लागला. कुरकुर थांबली, जिंकणे थांबले. या तर्कात चूक काढून दाखवणाऱ्याला मंडळाने चहा जाहीर केला होता. तो चहा अजून कोणी प्यायलेला नाही.

पद रिकामे ठेवून चालणार नव्हते. अध्यक्षांनी स्वतः एक सामना दुसऱ्या रांगेत बसून काढला. पण 'अजिबात दुखणार नाही हं' हे म्हणण्यात हयात गेलेली. त्यांच्या कुरकुरीने समोरच्या संघालाच धीर आला. मग चिटणीसबाई बसल्या. त्या गाडी चालवायला शिकवतात. चेंडू आपल्या गोलकडे येऊ लागला की त्यांचा पाय आपोआप दाबला जाई आणि तोंडून एकच शब्द निघे, "ब्रेक!" आपले तीन खेळाडू खरोखरच थांबले. गोल झाला.

अखेर दोघेही मुलीच्या घरी आले. आत्या तिथेच बटाटे सोलत बसली होती.

"ताई, ठराव झालाय," अध्यक्ष म्हणाले. "बाबांच्या जागी तुम्ही बसायचं."

"मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"ते उत्तमच. कळणाऱ्यांनी काय दिवे लावले?" चिटणीसबाई म्हणाल्या.

"आणि मला ओरडता येत नाही हो."

"अहो, रक्तात असतं ते."

"आहे की रक्तात," आत्या बटाट्यावरची नजर न काढता म्हणाली. "बापासारखीच कुरकुरी आहे. फक्त ही मनातल्या मनात करते. शोकसभेत म्हटलं, दोन शब्द बोल, तर मोजून दोनच बोलली. 'आभारी आहे.'"

"आत्या, पुरे."

"का पुरे? तो गेल्यापासून त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. कुठेतरी तोंड उघड गं बाई. घरात नाही तर मैदानावर उघड."

हे खरे होते. तेव्हापासून बाबांचे नाव काढायला मुलीचे तोंडच उघडत नव्हते. कानाचे दुखणे असते तर तिने तपासून पाहिले असते. तोंड तिच्या अखत्यारीत येत नव्हते. ती "येते" म्हणाली.

प्रशिक्षण अध्यक्षांच्या दवाखान्यात झाले, कारण लोकांना तोंड उघडायला लावण्याचा अनुभव त्यांनाच होता. मिस्त्रींची निवडक वाक्ये तिच्याकडून घोकून घेण्यात आली. 'अरे चेंडू आहे तो, जावई नाही, किती जपशील!' 'डावी बाजू रिकामी आहे, भाड्याने द्यायची आहे का?' 'धाव की, लिफ्टची वाट बघतोयस?' वाक्ये तिला तोंडपाठ झाली. म्हणताना मात्र प्रत्येकाच्या आधी 'कृपया' येई.

पहिल्या सामन्याला ती वडिलांचे जाकीट घालून दुसऱ्या रांगेत बसली. (जाकीट धुवायचे नाही, असे ठरावाला पोटकलम होते.) बराच वेळ धीर गोळा करून ती म्हणाली, "अहो, जरा धावता का?" डावी बाजू सांभाळणाऱ्या लेफ्ट बॅकने वळून पाहिले, "हो ताई" म्हणाला आणि धावला. सामना बरोबरीत सुटला. आदराने केलेल्या कुरकुरीचा परिणाम निम्मा होतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

सामना संपल्यावर तोच लेफ्ट बॅक कठड्याशी आला. "तुम्ही मिस्त्रीकाकांची मुलगी ना? शिव्या कुणीही देतं हो. पण काका दिसले की वाटायचं, चला, कुणीतरी नीट बघतंय."

तिने मान हलवली.

पुढच्या सामन्यांत तिची थोडी प्रगती झाली, संघाची झाली नाही. शेवटच्या सामन्याआधी संघ पाचवा होता आणि तो सामना जिंकूनही चौथा येणे शक्य नाही, असे गणिताने कळवले. आता प्रश्न एवढाच उरला, की याबद्दल वाटायचे काय, अभिमान की निराशा? शेवटच्या दिवशी संघाला फलक दाखवायचा होता. कापड होते एकाच शब्दापुरते.

गाडी शिकवण्याच्या वर्गात, भिंतीवरच्या 'थांबा' आणि 'पुढे वळण' अशा चिन्हांखाली, मंडळाची सभा भरली. अभिमान पक्षाचे म्हणणे, दहाव्यावरून पाचव्यावर म्हणजे पाच पायऱ्या वर. निराशा पक्षाचे म्हणणे, पहिल्यावरून पाचव्यावर म्हणजे चार पायऱ्या खाली. वजाबाकी करता निव्वळ अभिमान एक पायरी भरला. एवढ्याशा अभिमानावर टाळ्या किती वाजवायच्या, यावर सभा अडली. 'संमिश्र भावना' अशी तडजोड कोणीतरी सुचवली. फलक रंगवणारा पेंटर म्हणाला, जोडाक्षरे मावणार नाहीत. शेवटी ठरले, की शिट्टी वाजताच दुसऱ्या रांगेतून निर्णय जाहीर व्हावा.

"एकच शब्द, ताई," चिटणीसबाई म्हणाल्या. "फक्त मोठ्याने."

घरी मुलीने आत्याला विचारले, "बाबा काय म्हणाले असते गं?"

"तो? तो खेळ सुरू व्हायच्या आधीच निराश व्हायचा, म्हणजे नंतर मोकळा. त्याचं सोड." आत्याने तिच्याकडे पाहिले. "तू कधी काय म्हणालीस त्याला?"

मुलगी उठून ओटा पुसू लागली. ओटा स्वच्छ होता.

शेवटच्या सामन्यात, अगदी शेवटी, एका कॉर्नरवर गोल खाऊन संघ हरला आणि सहाव्या जागेवर घसरला. म्हणजे चार पायऱ्या वर, पाच खाली. निव्वळ निराशा एक पायरी. निराशा पक्षाने पेंटरच्या हातात ब्रश दिलासुद्धा. पण ठराव तो ठराव. सगळा स्टँड दुसऱ्या रांगेकडे पाहू लागला. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते, चिखलाने माखलेले, धापा टाकणारे, आता आपल्याला कोणीतरी बोलणार याची वाट बघत. लेफ्ट बॅकने त्यासाठी मान खाली घालूनच ठेवली होती.

ती उठली. कठडा धरला. तोंड उघडले. निघाले ते पलीकडच्या गोलपर्यंत गेले.

"छान केलंत! बाबा, फार छान केलंत हो तुम्ही! सगळंच! मी कधी म्हटलंच नाही!"

स्टँडने खेळाडूंची यादी चाळली. बाबा नावाचा खेळाडू संघात नव्हता. लेफ्ट बॅकने मात्र मान वर केली आणि हळूच हात उंचावला. पेंटर काहीच न सुचून कोरे कापड घेऊन उभा राहिला. त्यालाच समोरच्या संघाच्या समर्थकांनी टाळ्या दिल्या.

मंडळाने ती घोषणा पुढे बैठक घेऊन रद्दबातल ठरवली. एक, ठरवून दिलेल्या दोन शब्दांपैकी एकही तिच्यात नव्हता. दोन, ज्यांना उद्देशून ती केली ते मैदानात हजर नव्हते. तीन, वेळ टळून गेलेली होती. तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर मानण्यात आला.

मंडळाचे म्हणणे रास्त आहे. असे काही म्हणायचे असेल तर माणूस समोर असताना म्हणावे, हे उघडच आहे. आणि माणूस समोर असतो तेव्हा आपल्याला दुसरी कामे असतात, हेही उघडच आहे. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी या क्षणी शेजारच्या खोलीत कोणीतरी कशावर तरी कुरकुरत असेल. त्यासाठी लगेच उठण्याची गरज नाही. आधी वाचून संपवावे. ते काय, आहेतच.