दहापैकी शून्य

कोणाच्याही घरी गेला की सोपान दरवडे आधी कुंडीत हात घालायचा. घरचे "बसा" म्हणेपर्यंत यानं चिमूटभर माती भिजवून दोन बोटांत तिची पट्टी ओढायला सुरुवातही केलेली असायची. पट्टी लगेच तुटली की निकाल जाहीर, "पाणी धरत न्हाय. दहापैकी शून्य."

कर्वेनगरात कॉट बेसिसवर आम्ही एका खोलीत चार वर्षं काढली. मी नव्यानंच निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि हा वाघोलीचा कृषी पदवीधर कलेक्टर व्हायच्या तयारीत. वैकल्पिक विषय अर्थातच कृषी. घरमालकीण गोगटेकाकूंनी त्याला एकदा तुळशीपाशी पकडलं. "अहो दरवडे, जिल्हा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर माझ्या तुळशीचा कारभार माझ्याकडेच राहू द्या."

"रोज पाणी घालून मुळं कुजवलीत काकू. शून्य."

मला त्याचा संताप यायचा. मी पालक आणला की पानावरचे पिवळे डाग कशाच्या कमतरतेनं, हे मला सांगावं लागे. "मला तो खायचाय," म्हटलं की शून्य. पिठलं केलं तरी हा विचारणार, "आकृती कुठाय?" आकृतीशिवाय उत्तर हा त्याच्या लेखी गुन्हा होता.

त्याहून मोठा गुन्हा एकच. अभ्यासिकेतल्या एका मुलीनं सरावाच्या उत्तरात "आमच्या गावाकडे" असं लिहिलं, तर यानं तिच्यादेखत कागद टराटरा फाडला. "पेपरात नाव न्हाय, गाव न्हाय, कसली खूण न्हाय! वळख दिसली की मार्क गेलं!" बिचारी रडत गेली. मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो ढिम्म.

मग एकदा मी ऑफिसातून वाघोलीतल्या नव्या फ्लॅटांचं रंगीत माहितीपत्रक आणलं. गुळगुळीत कागद, निळा पोहण्याचा तलाव. सोपाननं ते दोन मिनिटं पाहिलं आणि तेही फाडलं. आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. माणसानं तिरसट असावं, पण दुसऱ्याच्या घराच्या स्वप्नाला हात घालू नये.

त्या वर्षीची परीक्षा हा त्याचा शेवटचा प्रयत्न होता. त्यानंतर वयाची अट आडवी येत होती. मुख्य परीक्षेचा निकाल आला आणि यादीत त्याचा नंबर नव्हता. मी तीनदा पाहिली. हा मात्र शांतपणे कॉटवर बसलेला.

"कृषीत गेलं," तो म्हणाला. "लहान शेताचा पीक आराखडा विचारला व्हता. आकृतीसकट."

"मग? झोपेत काढशील तू!"

"काढली की. आमच्या वावराची काढली. विहीर, बांधावरच्या दोन बाभळी, वढा. आन् खाली लिवलं, दरवड्यांचं वावर, वाघोली."

माझं डोकंच फिरलं. "नाव लिहिलंस? गाव लिहिलंस? त्या पोरीचा कागद फाडणारा तू! अरे, खोडायचं होतंस ना गाढवा!"

"पेन उचललं व्हतं खोडाया." तो बोटांवर बोटं घासत होता, मातीची पट्टी ओढताना घासायचा तशी. "तिथं आता सात मजलं हायेत. तुझ्या त्या कागदावरचा निळा तलाव हाय ना, तिथं आमची विहीर व्हती. म्हणलं, एका कागदावर तरी ऱ्हाऊ दे."

मग तोच पुढे म्हणाला, "वावर विकायच्या कागदावर पयली सही माझी. घरात रोज भांडणं चालायची. अभ्यासात कटकट नको म्हणून दिली करून. पीक नियोजनाचा धडा चालू व्हता तवा."

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही जमेना. शेवटी मी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे आदळलं. "काढ. मला दाखव. नावानिशी काढ."

त्यानं आधी विहीर काढली. मग बाभळी. बराच वेळ झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवून तो भीत भीत म्हणाला, "किती देशील?"