जोगळेकर काकांची मेक्सिकन कोंबडी

जोगळेकर काकांनी उभ्या आयुष्यात कोंबडीचा तुकडा तोंडात घातलेला नाही, आणि दसऱ्यानंतरच्या सात महिन्यांत त्यांनी सतरा अख्ख्या कोंबड्या भाजल्या. त्याही साध्यासुध्या नाहीत, मेक्सिकन पद्धतीच्या. सतराच्या सतरा आम्ही खाल्ल्या. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा विवेक आणि ज्या रविवारी अगदीच जमलं नाही त्या रविवारी खालचा वॉचमन.

साडेअकराला बेल वाजायची. दारात काका. पांढरा सदरा, नाकावर दुहेरी घडीचा रुमाल आणि दोन्ही हात शक्य तितके लांब करून धरलेलं झाकलेलं ताट. "नमुना आणलाय," एवढंच म्हणायचे. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून, डायरी उघडून बसायचे आणि मी चावत असताना माझ्या जबड्याकडे बघत राहायचे. अशा नजरेसमोर जेवणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळेल.

"ओलावा?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती? मांडीचा वेगळा सांग, छातीचा वेगळा सांग. रंग आतपर्यंत गेलाय की वरवर आहे?"

"छान झालंय हो काका."

"छान हा शेरा नसतो, मनीषा. छान म्हणजे तपासणाऱ्याने तपासलंच नाही."

काका सरकारी खात्यात तागाच्या पोत्यांचे निरीक्षक होते. तीस वर्षं सियालदहहून लोकल पकडून बजबजच्या गिरण्यांत जायचं, गठ्ठ्यातून मधलंच एखादं पोतं ओढायचं, उजेडाला धरायचं, वीण मोजायची, ओलावा बघायचा आणि बहुतेक वेळा 'नापास' लिहून परतीची लोकल पकडायची. निवृत्त झाले, पण ती सवय काही निवृत्त झाली नाही. आम्ही बदलीवर कोलकात्याला आलो, बेहालाच्या या इमारतीत समोरासमोर राहायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ते स्वागताला आले. आमचा नवाकोरा पडदा दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "धागा कच्चा आहे. दोन पावसाळे." मला इतका राग आला होता. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर तो पडदा उभा फाटला, तेव्हा आणखी राग आला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या परातीतला मधलाच मोदक उचलून फोडून बघणारा माणूस म्हणजे हेच.

त्यांच्या बायकोला, सुलभाकाकूंना, या सगळ्याचं काही वाटत नसे. "लग्नात मला बघायला आले तेव्हाही पदराचा काठ चोळून बघितला होता यांनी," म्हणायच्या आणि हसायच्या. काकू अलिबागकडच्या. माहेरी रोज मासळी, रविवारी मटण. लग्न होऊन जोगळेकरांकडे आल्या तेव्हा सगळं सोडलं. आणि आल्या तरी कुठे, तर ज्या गावात सकाळी आठला गल्लीच्या तोंडाशी मासळीचा बाजार भरतो, तिथे. काकू रोज गॅलरीत उभ्या राहून खाली बघायच्या. काकांना वाटायचं, बायकोला रहदारी बघायला आवडतं.

गेल्या वर्षी वैशाखात काकू गेल्या. मूलबाळ नाही. अलिबागहून त्यांचा भाऊ आला, हावड्याहून गुरुजी आणले, गंगेच्या घाटावर दहावा झाला. विवेक गेला होता. घाटावर कावळ्यांची काही कमी नव्हती, चहावाल्याच्या बिस्किटांवर तुटून पडत होते म्हणे. पिंडाकडे मात्र एकही फिरकेना. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्याकडे मानतात. मग जो तो वचनं देत सुटला. भाऊ म्हणाला, तुझ्या बांगड्या भाचीला देतो. काका म्हणाले, बीपीची गोळी वेळेवर घेईन. कावळा येईना. माझी जुनी रजिस्टरं रद्दीत घालीन म्हणाले. तरी येईना. दीड तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिववला आणि सगळे घरी आले.

पुढचे पाच महिने काका कुणाशी फारसं बोलले नाहीत. दसरा झाला आणि एक दिवस त्यांच्या गॅलरीत ओव्हन आला. गॅलरीतच, कारण स्वयंपाकघरात तो शिरणं शक्य नव्हतं. गॅलरीच्या उंबऱ्यावर त्यांनी खडूने रेघ मारली. उघड्या कोंबडीने रेघेच्या अलीकडे यायचं नाही. काकांनी रेघ ओलांडली की परत येताना आंघोळ. रविवारी तीन-तीन आंघोळी व्हायच्या.

पहिली कोंबडी अजून आठवते. बाजारातल्या कोंबडीवाल्याने विचारलं होतं, "दादू, गोटा देबो, ना केटे?" म्हणजे अख्खी देऊ की कापून. काका पाठ करून डोळे मिटून उभे होते. तसेच "गोटा" म्हणाले आणि पिशवी काठीच्या टोकाला अडकवून घरी आले. पाककृती पाठ होती, पण हात तर कोकणस्थाचा. चव जरा आपलीशी व्हावी म्हणून त्यांनी आपल्या अकलेने गोडा मसाला आणि सुपारीएवढा गूळ घातला. त्या कोंबडीची चव मला भरल्या वांग्यासारखी लागली.

"नापास," मी म्हटलं.

ते खूश झाले. "अस्सं. आता कारणं सांग."

कारणं पुष्कळ होती. मुळात ती सोललेली होती, त्यामुळे भाजून नारळाच्या शेंडीसारखी झाली होती. मी सांगितलं, कातडीसकट घ्यायची असते. त्यांनी डायरीत लिहिलं, 'सालीसकट'. कातडीला साल, हाडाला बाठा. बिचाऱ्यांकडे दुसरे शब्दच नव्हते. "आतल्या बाठ्याजवळ शिजलंय का?" असं कुणी विचारलं की हसू दाबणं कठीण जातं. मी कोल्हापूरची. मला या विषयात नापास करता येतं, याचा मनातून थोडा गर्वही झाला होता. मी विचारलं, "पण काका, तुम्हाला हे सुचलं कुठून?"

काकांनी डायरी मिटली.

"ती आजारपणात मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ बघायची. मेक्सिकोकडची पद्धत. लाल मिरची वाटून, लसूण, जिरं, लिंबू, संत्र्याचा रस, सगळं चोळून अख्खी कोंबडी भाजायची. मला म्हणाली, अहो, हे बघा, काय रंग आलाय. एकदा असं खाऊन बघायला पाहिजे. मी म्हणालो, बंद कर ते, समोर देव्हारा आहे. तिने बंद केलं. पुढे कावळा शिवला नाही, ते तुला ठाऊक आहे."

त्यांनी मिटलेली डायरी पुन्हा उघडली.

"मला फक्त एवढं कळायला पाहिजे, की तिची खरंच इच्छा राहिली होती, की ती आपली सहज बोलून गेली. वर्षश्राद्धाला ठेवून बघणार आहे. पण ठेवायची तर बरहुकूम पाहिजे. कच्चीपक्की ठेवली आणि कावळा आला नाही, तर त्यावरून काय समजायचं?"

मी हातातला तुकडा ताटात परत ठेवला. कारण कावळ्याला विचारायची गरजच नव्हती. मला माहीत होतं.

काकू होत्या तेव्हा रविवारी सकाळी काका मंडळाच्या वाचनालयात जायचे. त्याच वेळी माझ्याकडे तांबडा रस्सा उकळत असायचा. काकू यायच्या, स्टुलावर बसायच्या, मला लसूण सोलून द्यायच्या. दर वेळी मी वाटी पुढे करायची आणि दर वेळी त्या मान हलवायच्या. "नको गं. एकतीस वर्षं काढली, आता कशाला. नुसता वास घेते. वास घेतल्याने काही बाटत नाही." एकदा त्यांनी वाटी हातात घेतली, ओठांपर्यंत नेली, डोळे मिटून थोडा वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली. "आमच्या आईच्या पदराला असा वास यायचा," म्हणाल्या. मग साबणाने हात धुऊन, अकराच्या आत आपल्या घरी जाऊन वरणाला फोडणी दिली.

हे मी काकांना कसं सांगू? कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. विवेक म्हणाला, "सांगून काय साधणार आहेस? त्या कोंबडीपायी का होईना, माणूस रविवारी उठून उभा तरी राहतोय." मला पटलं, आणि पटलं याची लाजही वाटली. म्हणून मी ठरवलं, निदान कोंबडीच्या बाबतीत तरी या माणसाशी खोटं बोलायचं नाही. त्यानंतर दर रविवारी मी त्यांना खरं सांगितलं. मिरची करपली. मीठ आत गेलं नाही. गंधराज लिंबाचा वास अख्ख्या बेहालाला कळतो, पण इथे तो मसाल्यावर कुरघोडी करतो, साधं लिंबू घ्या. व्हिडिओतला तो परदेशी पाला मिळेना, तेव्हा काकांनी पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या शेजारच्या मुलांकडून गोळा केल्या. बेडगी मिरची पुण्याहून मागवली. दार्जिलिंगची संत्री एकेक दाबून घेतली, तेव्हा फळवाल्याने त्यांना हात जोडले.

सतरावी कोंबडी आली ती झाकण काढल्याबरोबर कळली. कातडी तांबूस आणि ताणलेली, सुरी टेकवताच रस. मी मांडीचं खाल्लं, छातीचं खाल्लं, बाठ्याजवळचंही खाल्लं.

"पास," मी म्हटलं.

मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" आणि मी हो म्हटल्यावर डायरीत काहीही न लिहिता उठून गेले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी गुरुजी आले, खीर-वडे झाले, सगळं यथासांग झालं. गुरुजी जेवून गेले. त्यानंतर काका पुन्हा गॅलरीत उतरले आणि त्यांनी अठरावी कोंबडी भाजली. विवेक ऑफिसात होता. दुपारी मी आणि काका दोघंच गच्चीवर गेलो. काकांच्या हातात भाताची पत्रावळ, माझ्या हातात झाकलेलं ताट. ऊन असं की चपलेतून पाय भाजत होते.

आधी भात ठेवला. पाण्याच्या टाकीवर तीन-चार कावळे होते. बघत बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काकांनी हात जोडलेले होते, पण वचन कसलंच दिलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दे."

मी ताट दिलं. त्यांनी रुमाल बांधला नव्हता. सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना उघड्या तोंडाने त्या कोंबडीजवळ बघत होते. त्यांनी मांडीचा भाग आपल्या हाताने तोडला, पत्रावळीवर भाताशेजारी ठेवला आणि म्हणाले, "सुलभा, ती व्हिडिओतली केली आहे. मनीषाने पास केली आहे."

ते मागे सरकतात न सरकतात तोच कावळा उतरला. भाताकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. सरळ मांडीवर चोच मारली.

माझ्या मनात आलं, सांगावं, काका, कोलकात्याचा कावळा आहे, कुणीही कोंबडी ठेवली असती तरी आला असता. वाक्य तयार होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"शिवला," मी कसंबसं म्हटलं.

"हो." ते त्या कावळ्याकडेच बघत होते. "मला आतून वाटत होतं, नाही शिवणार. नसता शिवला, तर म्हणता आलं असतं, ती आपली सहज बोलली होती."

मला त्या वेळी काकूंची ती ओठांशी धरलेली वाटी आठवत होती, आणि त्याबद्दल मी आजही त्यांना काही सांगितलेलं नाही.

कावळा मांडी सोडून जरा बाजूला झाला, पुन्हा आला. पुढचा तुकडा ठेवावा म्हणून मी पाऊल उचललं. काकांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. एकतीस वर्षं ज्यांनी त्या बाईच्या ताटाकडे कधी बघितलं नव्हतं, ते काका रणरणत्या उन्हात डोळ्यांतलं पाणी न पुसता उभे होते.

"थांब," ते हळू आवाजात म्हणाले. "सावकाश खाऊ दे तिला."