ओव्हाळनानांची तारीख

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जावं लागे. ते मशीन चालवणारे ओव्हाळनाना त्याच्याही पुढचे. ते हात धुऊन आत शिरत आणि आधी मशीनला ‘जय भीम’ घालत. मशीन उत्तर देत नसे, याचं त्यांना मनातून वाईट वाटत असावं.

‘मुळातून बघू’ हे त्यांचं पालुपद. टेबलफॅन घरघरला की तो खोलून टेबलावर मांडला जाई. चहा गोडमिट्ट झाला तरी चौकशी पार पातेल्यापासून सुरू होई. मी शेजारच्या ऊस विभागात कारकून, त्यामुळं हे सगळं माझ्या वाट्याला फुकट यायचं.

त्या दुष्काळाच्या साली वीज सारखी जायची. अशाच झटक्यांत मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम कोलमडली. पुण्याच्या इंजिनिअरनं नवं मशीन घ्या म्हणून सांगितलं. नाना म्हणाले, मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्या कपाटात आहेत, सगळी सिस्टीम मुळातून बांधू. चेअरमन तयार झाले, पण अट घातली: गळीत हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवसापर्यंत मशीन उठलं नाही, तर खोली पाहुण्यांच्या उतरायला आणि नाना परत आपल्या जुन्या वजनकाट्यावर.

नानांना काट्याची लाज नव्हती. पण विहिरी आटलेल्या, ऊस उभा वाळत चाललेला, आणि जो तो माझी तोड आधी म्हणून अडून बसलेला. पूर्वी वजनदार माणसाची पाळी आधी लागे; मशीन आल्यापासून ते लागणीच्या तारखेप्रमाणे पाळ्या लावी. नाना मला म्हणाले, “मशीनला कुणाचा जावई कळत न्हाय. म्हणून ते उठलं पायजे.”

पण बांधकाम दर वेळी एकाच जागी अडायचं. नाना चूक शोधत, दुरुस्त करत, तेवढ्यात वीज जाई. वीज आली की पुन्हा तीच चूक हजर. आपणच निस्तरलेली चूक परत समोर बघून नाना चहा प्यायचेही विसरू लागले.

मोळीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या फायलींची यादी छापून घेतली आणि प्रत्येक फाईलपुढची तारीख-वेळ मला वाचून दाखवली. मशीनच्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली. वीज आली की ते तारीख, वेळ विचारी, आणि नाना दर वेळी एकच तारीख, एकच वेळ घालत. त्यामुळं घड्याळ दर वेळी मागं जाई, नवी दुरुस्ती मशीनला आधीच्या बांधकामापेक्षा जुनी वाटे, आणि ते तिला हातच लावत नसे.

“पण नाना, तीच तारीख का?”

नाना चष्मा पुसत राहिले. त्यांच्या घरी आता ते एकटेच, एवढं मला ठाऊक होतं.

“त्या दिशी आमची सुमन नर्सिंगला नागपूरला गेली,” ते म्हणाले. “यष्टी सुटायच्या आधीची येळ हाय ती. तेवढी घातली की वाटायचं, पोरगी अजून स्टँडावरच हाय.”

मग त्यांनी आजची तारीख घातली, आणि जुनं बांधकाम पुसून मुळातून सुरुवात केली. त्या दिवशी वीजही शहाण्यासारखी वागली. संध्याकाळी सिस्टीम उभी राहिली आणि खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. आमचा शिपाई तर मशीनला हारच घालायला निघाला होता.

मोळी पडली. तोडीच्या पाळीचा कागद फलकावर लागला, त्यात चेअरमनांच्या मेहुण्याचं नाव पार खाली होतं. मला इतका आनंद झाला की मी दोनदा टाळ्या वाजवल्या. नानांना शोधायला गेलो, तर ते इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ठेवत होते. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी रजा टाकली होती.

“येडशीला नागपूरची गाडी गाठतो,” ते म्हणाले. “पोरीला जाऊन लई दिवस झाले की.”